वन्सं, सर्जा उघडा हाय

वहिनी, आधी कबूल करून टाकते, म्हणजे पुढचं लिहायला हात मोकळा होतो. मी एकदा बैलाचे कपडे घालून स्टेजवर गेले होते. अख्खं तिसगाव बैलाच्या नावानं ओरडत होतं, आणि मला वाटलं, आपल्या गाण्याला वन्स मोर मिळतोय. म्हणून मी आणखी जोरात नाचले. लोक जितके ओरडले, तितकी मी गोल गोल फिरले. इतकी मूर्ख बाई तुझ्या नशिबी नणंद म्हणून आली होती, आणि तू तिला शेवटपर्यंत 'वन्सं' म्हणून अहोजाहो करत राहिलीस. तो आदर होता की टोमणा, हे मला कधी कळलं नाही. विचारायचं राहून गेलं.

तुला जाऊन अजून दोन महिनेही झाले नाहीत. लोक भेटले की म्हणतात, "वहिनी देवमाणूस होत्या हो." मी मान डोलावते. देवमाणूस! तू भांडायला बसलीस की समोरच्याचा चहा गार व्हायचा, हे त्यांना काय माहीत.

आता सगळं नीट सांगते, कारण माझी नात तन्वी हे वाचणार आहे, आणि तिला वाटतं, आज्जी जन्मतःच गॉगल लावून आली होती.

आई-बापानं नाव ठेवलं हौसा. लग्न होऊन नगरला आले, तेव्हा यांचं लाउडस्पीकर भाड्यानं द्यायचं दुकान होतं. लग्न असो, बारसं असो, निवडणूक असो, कर्णे आमचेच. दुरुस्त झालेला माइक तपासायचं काम माझ्याकडे. हे "हॅलो, हॅलो, वन टू थ्री" म्हणायचे, मी सरळ गाणं म्हणायचे. एकदा ऑर्केस्ट्रावाले बाबूशेठ दुकानात आले होते, त्यांनी ऐकलं. म्हणाले, "बाई, आवाज बरा आहे. नाव मात्र बदलावं लागेल. हौसा नावाच्या बाईनं डिस्को म्हटला तर लोक जेवायला उठून जातील." तशी हौसाची मिस हनी झाली. दोन पोरांची आई झालेली मिस!

त्या मिस हनीची मला आता इतकी गंमत वाटते वहिनी, की ती भेटली तर दोन लगावून मग पोटाशी धरीन. संध्याकाळी स्टेजवर काळा गॉगल. समोरचं काही दिसायचं नाही, दोनदा ढोलकीवर पडले. टाचांचे बूट, तेही आपल्या काळ्या रानात. एक बूट अजून कुठल्या तरी जत्रेच्या मैदानात रुतून बसला असेल. केस कुरळे करायला नगरच्या पार्लरात गेले, तशीच माहेरी आले, तर दादा म्हणाला, "करंट बसला का गं?" गाण्यांत अर्थ कमी आणि 'बेबी' जास्त. तू ऐकून म्हणायचीस, "वन्सं, ही गानी तुमी पायानं म्हनता." खरंच होतं. गळा चांगला होता, पण मी त्याला कामच देत नव्हते. सगळं काम पायांना आणि टिकल्यांना.

टिकल्यांवरून आठवलं. तिसगावच्या जत्रेत आमचा कार्यक्रम ठरला, तेव्हा माझ्या डोक्यात एवढी हवा गेली की सांगता सोय नाही. ज्या गावात शेण काढलं त्या गावात चंदेरी गाऊन घालून उतरायचं! गाऊन मुंबईहून शिवून आणला. पत्र्याच्या ट्रंकेत ठेवला, ट्रंक एसटीच्या टपावर चढवली. करंजी घाट उतरेपर्यंत मी खिडकीत बसून कोणत्या गाण्याला कोणता हात वर करायचा याचा सराव करत होते. तिसगावच्या फाट्यावर उतरले, हात वर करत करतच उतरले, आणि ट्रंक टपावर तशीच पुढं पाथर्डीला गेली. पाथर्डीहूनही पुढं गेली म्हणतात. त्या गाऊनचं पुढं काय झालं कुणास ठाऊक. मराठवाड्यात कुणी तरी घालून मिरवलं असेल.

घरी आले तर घर रिकामं. तू आणि दादा देवळात नैवेद्य घेऊन गेलेले. बाबूशेठ सारखे घड्याळ बघतायत. अंगावर प्रवासात चुरगळलेली साडी. आणि वलणीवर ती दिसली.

झूल.

वहिनी, तुला वाटतं मी चोरली. मी म्हणते, तीच मला बघून चमकली. लालभडक मखमल, त्यावर आरसे, कडेनं कवड्या, चारी बाजूंनी लोकरीचे पिवळे-हिरवे गोंडे. तू माहेराहून बैलांची जोडी आणली होतीस, त्यातल्या डाव्या बाजूच्या सर्जासाठी शिवलेली. दुसऱ्या दिवशीच्या मिरवणुकीसाठी काढून ठेवलेली. मी अंगाभोवती धरून पाहिली. वास येत होता, पण वासाला सेंट होता. हात बाहेर काढायला जागा नव्हती, पण कात्री होती. कचकच दोन भोकं पाडली. मधोमध तू आरशांनी मोठ्या अक्षरांत 'सर्जा' असं काढलं होतंस, ते बरोबर माझ्या पाठीवर आलं. मी त्यावरून ओढणी घेऊन पुढं गाठ मारली. आरशात बघितलं, गॉगल लावला, आणि मला वाटलं, मुंबई काय, विलायतेतसुद्धा असं जॅकेट कुणाकडं नसेल. ते मात्र खरं होतं.

दोन ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या जोडून स्टेज केलेलं. दिवस मावळत होता, पिवळे दिवे लागले होते, आरसे असे काही चमकले की पहिल्याच गाण्याला शिट्ट्या. दुसऱ्या गाण्यात मी गिरकी घेतली आणि ओढणी सुटून पडली. मला पत्ताच नाही.

आधी पुढच्या रांगेत हसू फुटलं. मग कुणी तरी ओरडलं, "सर्जा!" मग दहा जण. मग सगळी जत्रा. "सर्जा! सर्जा!" गाण्याच्या ठेक्यात अगदी. गॉगलमधून मला फक्त हात वर केलेली माणसं दिसत होती. ऑर्केस्ट्रात येऊन एवढं प्रेम मला कुणी दिलं नव्हतं. मी पाठ फिरवली की आवाज वाढायचा, म्हणून मी पाठच फिरवत राहिले. आता विचार कर, एखादी शहाणी बाई थांबून म्हणाली असती की बाई गं, हे काय म्हणतायत? मी कमरेत वाकून नमस्कार केला!

आणि मग तो आला. दादाची गाडी मैदानाच्या कडेला सोडलेली, बैल खुंटीला. आपल्या नावाचा एवढा गजर ऐकून सर्जानं खुंटी उपटली आणि गर्दीतून सरळ चालत निघाला. लोक बाजूला होत गेले, जसे पुढाऱ्याला होतात. स्टेजपाशी येऊन त्यानं मान वर केली, हुंगलं, आणि झुलेचा एक गोंडा तोंडात धरून चघळायला लागला. मी ओढतेय, तो सोडत नाही. ढोलकीवाला ढोलकी टाकून पळाला. कीबोर्डवाला मात्र ठेका वाजवतच राहिला. तो नंतर म्हणाला, त्याला वाटलं हे कार्यक्रमातच आहे.

तेवढ्यात तू आलीस. पदर खोचून, गर्दीतून, हातात उपटलेली खुंटी. सर्जाची वेसण धरलीस आणि माझ्याकडं बघितलंस. माइक खाली पडला होता तो बरोबर आपल्या दोघींच्या मध्ये, आणि चालू. यांचे कर्णे म्हणजे पार शेजारच्या गावापर्यंत ऐकू जाणारे.

"वन्सं," तू म्हणालीस, "आधी झूल काढा, मंग काय म्हनायचं ते म्हना."

मी हळूच म्हटलं, "वहिनी, काढता येत नाही. आत नुसता परकर-पोलका आहे."

तेही गेलं कर्ण्यातून.

एवढं हसलेलं गाव मी पुन्हा कधी पाहिलं नाही. पण तू हसली नाहीस. म्हणालीस, "मंग ऱ्हाऊ द्या." आणि जिभेनं ट्यॅक ट्यॅक करत, त्याच्या कानापाशी काही तरी गुणगुणत सर्जाला घेऊन गेलीस. तो वासरासारखा मागं मागं गेला. त्या वेळी मैदानात जी शांतता पडली, वहिनी, तशी माझ्या कुठल्याही गाण्याला पडली नाही. हे मी तुला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, "व्हय का? मंग मलाच न्या आरकेष्ट्रात." म्हणून नाही सांगितलं.

घरी जाताना गाडीत मी तोंड पाडून बसले होते. दादा खोकल्याच्या आडून हसत होता. तू माझ्या अंगावरचा ओला गोंडा पिळून सरळ केलास. मग म्हणालीस, "नाव त्याचं घेत हुते वन्सं, पर वळून तुमीच बगत हुता." आणि तेव्हा पहिल्यांदा हसलीस. मग काय, तिघंही. बैलसुद्धा.

गंमत अशी की मी संपले नाही, सुरूच तिथून झाले. पुढच्या जत्रेचं बोलावणं आलं ते 'ती सर्जावाली बाई पाहिजे' असं. मिस हनी नावाला कुणी ओळखत नव्हतं, म्हणून झूल माझ्याकडंच राहिली. बाबूशेठनी कॅसेट काढली, तिच्या कव्हरवर माझी पाठ! आयुष्यात पहिली कॅसेट आणि तोंड नाही, पाठ. नेवाशापासून अकोल्यापर्यंत गावोगावच्या पानटपऱ्यांवर माझी पाठ लटकत होती. पोरं मखमलीचे कोट शिवून पाठीवर आरसे लावून हिंडायला लागली. माझी फॅशन म्हणे.

मग मुंबईला टीव्हीवर बोलावलं. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी गोड आवाजात विचारलं, "हा सर्जा कोण? आपल्या जीवनातली कुणी खास व्यक्ती?" आता सांगायचं ना, की बैल आहे म्हणून? मी मान खाली घातली, ओठ चावला आणि लाजले. अख्ख्या महाराष्ट्रासमोर बैलासाठी लाजले! यांना दुकानात लोक विचारायला लागले, "काय हो, सर्जाराव कोण?" हे म्हणायचे, "आमच्या बायकोचा माहेरचा माणूस आहे."

तू ग्रामपंचायतीच्या टीव्हीवर तो कार्यक्रम बघितलास. घरी जाऊन गोठ्यात सर्जाला म्हणालीस म्हणे, "सर्जा, तुज्यासाठी कोनी तरी लाजतंय बाबा."

त्याच वर्षी पोळ्याच्या आधी नगरच्या स्टँडवर कंडक्टरनं मला गाठून तुझा निरोप दिला. भर स्टँडवर, मोठ्यानं. "तिसगावच्या तुमच्या वहिनीनं सांगितलंय, वन्सं, पोळ्याला झूल घिऊन या. सर्जा उघडा हाय."

मी गेले. झूल अंगावर घालून गेले, ऐट बघ. म्हटलं, "वहिनी, देता येत नाही, श्रीगोंद्याला शो आहे." तू म्हणालीस, "बरं. मंग जेवून तरी जा." सर्जाच्या पाठीवर तोवर नवी झूल होती. आधीचीपेक्षा भारी. मी बघितली, आणि माझ्या मठ्ठ डोक्यात काहीही शिरलं नाही. पुरणपोळ्या खाल्ल्या, बैलांना ओवाळलं, दादाशी भांडले आणि परत आले.

पुढच्या पोळ्याला पुन्हा तोच निरोप. त्याच्या पुढच्याला पुन्हा. मग गावात फोन आला, मग तुझ्या हातात मोबाईल आला. निरोप बदलला नाही. "वन्सं, सर्जा उघडा हाय." तो सर्जा म्हातारा होऊन गेला, मग दुसरा आला. तुझ्याकडचा डावीकडचा प्रत्येक बैल सर्जाच. मी म्हणायचे, "ज्याची झूल तो राहिला नाही." तू म्हणायचीस, "नाव तर ऱ्हायलं का न्हाई?" आपलं हे भांडण दर वर्षी नव्यानं लागायचं. मी म्हणायचे, जॅकेट आहे. तू म्हणायचीस, झूल हाय. मी म्हणायचे, भोकं पाडल्यावर जॅकेटच. तू म्हणायचीस, "बैलाला भोकाचं काय? त्याला वारं लागंल." कुणी जिंकलं नाही.

नावाबद्दल तुझं माझं दुसरं भांडण होतं, तेही अर्धंच राहिलं. मी जेव्हा फार चालले होते, वर्तमानपत्रात फोटो वगैरे, तेव्हा एकदा तुला म्हटलं होतं, "वहिनी, नाव होणं म्हणजे काय ते तुला नाही कळायचं." तू भाकरी थापत होतीस. म्हणालीस, "त्यात काय न कळन्यासारखं? नाव घेतल्यावर जो येतो, त्याचं नाव झालं. सर्जाचं नाव घेतलं, सर्जा आला. तुमचं नाव घेतल्यावर तुमी येता का? का बाबूशेठ येतो, पैलं ॲडव्हान्स द्या म्हनत?"

मला राग आला होता. दोन दिवस आला होता, मग गेला.

प्रसिद्धी आली तशीच गेली, फारसा आवाज न करता. आधी कॅसेटी गेल्या. मग डीजे आला, भिंतीएवढे बॉक्स घेऊन, आणि यांच्या कर्ण्यांना कुणी विचारेना. बाबूशेठनी ऑर्केस्ट्राचा टेम्पो विकला. मला वाटलं होतं, मी रडरड करीन. पण खरं सांगू, पायांना बरं वाटलं. टाचांचे बूट काढून ठेवले ते आजवर. शेजारच्या पोरींना गाणं शिकवायला लागले, बसून, पेटी घेऊन. तेव्हा कळलं, गळा अजून आहे की जागेवर! इतकी वर्षं वाट बघत बसला होता बिचारा. तू एकदा आलीस, दारात उभी राहून ऐकलंस आणि म्हणालीस, "हां, आता तोंडानं म्हनता." माझ्या गाण्याचं याहून मोठं कौतुक कुणी केलेलं नाही. हसून सांगत नाही, मनापासून सांगते.

शो संपले, तरी पोळ्याला मी तुला खोटंच सांगत राहिले. "देता येत नाही वहिनी, शो आहे." कुठला शो? कपाटात डांबराच्या गोळ्यांत गुंडाळून ठेवलं होतं जॅकेट. तुला माहीत होतं. तू तरी कशाला विचारत होतीस, हे मी स्वतःला विचारलं नाही. मला वाटायचं, बाई चिवट आहे.

मग दादा गेला. तेव्हा पहिल्यांदा मनात आलं की आता संपलं. भाऊ असेतो बहिणीला गाव असतं. पुढं काय, तर लग्नकार्याला अहेर घेऊन जायचं, पाटावर बसायचं आणि संध्याकाळच्या एसटीनं परत. असं कितीतरी बायकांचं झालेलं बघितलंय मी. त्या वर्षी पोळा जवळ आला, तर मी मुद्दाम फोनपासून लांब लांब राहत होते. वाजला नाही तर? म्हणून. आणि वाजला. तुझा आवाज बसलेला होता, दोन-चार महिन्यांचंच दुःख होतं तुझं, घरात सणही नव्हता. "वन्सं," म्हणालीस, "सर्जा उघडा हाय."

मी त्या दिवशी फोन ठेवून स्वयंपाकघरात जाऊन खूप रडले, आणि यांना सांगितलं कांदा चिरतेय. यांना काय, आयुष्यभर स्पीकरशेजारी बसून कान गेलेत. रडले तरी ऐकू येत नाही, गायले तरी ऐकू येत नाही. सुखी संसार.

आणि मग या आषाढात सुभाषचा फोन आला, "आत्या, आईला बरं नाही, येऊन जा." तुझा पोरगा कधी घाईनं बोलत नाही, त्या दिवशी बोलला. मी कपाटातून झूल काढली. बघ, मीसुद्धा झूलच म्हटलं. पिशवीत घातली आणि आले. तू खाटेवर, एवढीशी झालेली. मी पिशवी तुझ्या उशाशी ठेवली. म्हटलं, "घे बाई. जिंकलीस. आणलीय."

तू हातानं चाचपलीस. कवड्या लागल्या बोटांना. आणि काय म्हणालीस? "आत्ता कशाला आनली? पोळा हाय का आज? पोळ्याला आना." आणि पिशवी माझ्याकडं ढकललीस. ढकलायला सुद्धा जोर नव्हता, पण ढकललीस. मी म्हटलं, "अगं, इतकी वर्षं मागत होतीस ना?" तू डोळे मिटून हसत होतीस. मला वाटलं, भ्रम झालाय.

चार दिवसांनी तू गेलीस.

पोळा जवळ आला. फोन आला तो सुभाषचा. "आत्या, यंदा आपल्याकडं सण न्हाई. तुमी या वयात दगदग करू नका." पोरगं चांगलं आहे, प्रेमानंच म्हणालं. घरातलं माणूस गेलं की वर्षभर सण नसतो, ही रीतच आहे. पण मी फोन ठेवला आणि मला दाराची कडी लागल्याचा आवाज आला. मोठा नाही, हळूच, कुणाची झोपमोड होऊ नये अशा बेतानं लावलेली. आज दगदग नको. पुढच्या वर्षी कशाला दगदग. मग सवय होते.

तन्वी आली होती. ती पुण्यात गाते. स्वतःची गाणी करते, मोबाईलवर टाकते, केस निळे आहेत. मी काही बोलत नाही, ज्या बाईनं बैलाची झूल घातली तिनं केसांबद्दल काय बोलावं? तिचा पहिला मोठा कार्यक्रम आहे. म्हणाली, "आज्जी, ते जॅकेट दे ना मला. कसलं व्हिंटेज आहे!"

"ते जॅकेट नाही," मी म्हटलं, "बैलाची झूल आहे. आणि आधी बैलाला विचारायला लागेल."

तिला वाटलं, आज्जीचा विनोद. पण मी ठरवलं होतं. सण नसेना का. सण नसलेल्या घरी सणाचं जेवण बाहेरून न्यायचं असतं, तीही रीतच आहे. पहाटेपासून पुरण घातलं, पोळ्या लाटल्या, तन्वीला म्हटलं, गाडी काढ. करंजी घाटात तिनं आपली गाणी लावली. सगळी इंग्रजी-मराठी एकत्र, मधेच ठेका तुटतो, आवाज यंत्रातून काढल्यासारखा. मला हसू आलं. तू असतीस तर म्हणाली असतीस, ही कशानं म्हनते? पण एका गाण्यात तिनं एक तान अशी सोडली की मी खिडकीची काच वर केली, वाऱ्यात जाऊ नये म्हणून. पोरगी तोंडानं गाते, वहिनी. आमच्यापेक्षा लवकर शिकली.

तुझ्या अंगणात आले तर सगळं गप्प. गावात हलग्या वाजत होत्या, शेजारच्यांचे बैल शिंगं रंगवून निघाले होते. ट्रॅक्टरलासुद्धा फुगे बांधलेले. आपल्या दारात बैलजोडी नुसती धुऊन उभी, ना झूल, ना बेगड, ना फुलं. डावीकडं सर्जा. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि मान हलवली. खरंच सांगते, तो उघडा वाटत होता.

सुभाष पुढं आला, पाया पडला, "आत्या, कशाला आलात एवढ्या लांब," म्हणाला. तुझी सून सविता तुळशीपाशी उभी होती. मी पोळ्यांचा डबा तिच्या हातात दिला. मग पिशवीतून झूल काढली, झटकली आणि सर्जाच्या पाठीवर टाकली. रंग उडालेला, दोन-तीन आरसे गेलेले, आणि मी पाडलेली ती दोन भोकं दोन्ही बाजूंना. त्यातून त्याची पांढरी कातडी दिसत होती. सर्जानं मान वळवली, हुंगलं, आणि गोंडा तोंडात धरला. सगळ्यांचं तसंच असतं वाटतं. तन्वी मोबाईल काढून शूट करायला लागली, मग तिनं तो आपणच खाली ठेवला.

मी सर्जाला ओवाळलं नाही, सण नव्हता. नुसता हात फिरवला. मनात म्हटलं, वहिनी, घे. तुझं तुला दिलं. आता माझ्याकडं तुझ्या घरी यायला काही उरलं नाही.

सविता डबा आत ठेवून आली. तुझी सून फार बोलत नाही, तू म्हणायचीस ना, "हिच्याकडनं बोलनं काडायचं म्हंजी विहिरीतनं पोहरा काडायचा." ती सर्जापाशी गेली, गोंडा त्याच्या तोंडातून सोडवला, झूल काढली. पायरीवर ठेवून नीट घडी घातली, कवड्या आत, मखमल बाहेर. आणि माझ्याच पिशवीत घालून पिशवी माझ्या हातात दिली.

मी म्हटलं, "अगं, परत न्यायला नाही आणली. द्यायला आणलीय."

ती डोळे पुसत हसली, अगदी तुझ्यासारखी, आणि म्हणाली,

"आईंनी मला सांगून ठेवलंय, आत्या. म्हनल्या, मी गेल्यावर वन्सं झूल घिऊन येतील, पर तू घिऊ नको. त्यांना म्हन, औंदा ऱ्हाऊ द्या, पुढल्या पोळ्याला आना."